कायमचा पत्ता

रोल्ला चौकामागे, सोनारांच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर. दुकान अरबाचं, खुर्ची माझी.
सव्वीस वर्षं मी इथे लोकांची नाती टाइप करतो.
नवऱ्याखाली बायको, बापाखाली पोरगा,
प्रत्येकापुढे एक तारीख,
आणि तिच्यापुढे दोन वर्षांनंतरची दुसरी.

गेल्या आठवड्यात दिलावर मुकादम आला, क्रेनवरचा.
म्हणाला, पगार आता बसतो. बायकोला आणायचीय.
लग्नाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
मागच्या बाजूला शिक्के: मुंबई, दिल्ली, वकिलात.
सगळं जागच्या जागी.
फक्त दाखल्यावर शमीम, पासपोर्टवर शमीमा.
एका कान्याचा फरक.
मी म्हटलं, भाई, परत जावं लागेल.
त्याने विचारलं, कुणाला? मला की कागदाला?
कागदाला, म्हटलं. त्याला व्हिसा लागत नाही.
दोघेही हसलो. ज्यूसचे पैसे त्याने दिले,
मी नको म्हणत असताना,
आणि ग्लास तसाच भरलेला ठेवून गेला.

फॉर्मवर एक रकाना असतो: कायमचा पत्ता.
अख्ख्या फॉर्मात कायमचं एवढंच.
बाकी सगळ्याला मुदत. पासपोर्टला, विम्याला, भाडेकराराला,
छातीच्या एक्स-रेलासुद्धा.
त्या रकान्यात लोक गाव सांगतात, न अडखळता,
जिथे आता त्यांचं कुणी राहत नाही.
माझंही तेच. मु. पो. शिपोळे, तालुका मंडणगड.
स्लॅबचं घर, वर टाकी, प्रत्येक खोलीत पंखा
आणि पंख्याखाली कुणी नाही.
मीटर फिरत नाही, बिल येतं.
चुलतभाऊ भरतो, पावतीचा फोटो पाठवतो,
फोटोत त्याचा अंगठा असतो.

आफिया इथलीच. इथेच जन्मली, इथेच शिकली.
शिपोळ्यात ती एकूण किती राहिली,
एकदा बेरीज केली मी: एकशे चाळीस दिवस.
त्यातले अकरा तापात.
तरी तिच्याही फॉर्मवर दर खेपेला मीच टाइप केलं, शिपोळे.
लहान होती तेव्हा विचारायची,
अब्बा, ही शाळा आहे का?

रविवारी तिने फोन पुढे केला.
पदवीला पहिली आलेली, तिला दहा वर्षांचा व्हिसा लागला.
मी आकडा दोनदा वाचला.
असा आकडा दुसऱ्यांसाठी टाइप केलाय, चार-पाचदा असेल.
दोघं डॉक्टर होते, एक इमारती विकणारा.
ती म्हणाली, तुमचा मार्चमध्ये संपतो ना?
मालक काय म्हणतोय?
साठीनंतर बघू म्हणतोय.
मग मी घेते तुम्हाला. तुम्हाला आणि अम्मीला.
घेते, म्हणाली.
बाजारातून घेतात तसं नव्हे,
कडेवर घेतात तसं.

आज शटर अर्धं ओढून मी माझाच फॉर्म उघडला.
स्पॉन्सर: आफिया नझीर परकार.
तिच्या खाली मी.
नाते. बाण दाबला की यादी उघडते,
वडील अगदी तळाशी, सरकवत जावं लागतं.
बोटांना जुनी सवय, ती मुलगा वर थांबली.
तिच्यापुढे मी, मुलगा.
क्षणभर तसंच राहू दिलं, मग खोडलं.

आता तो रकाना.
रोल्ला म्हणजे वड, हे मला इथे आल्यावर कळलं.
झाड मी येण्याआधीच गेलेलं,
तरी टॅक्सीवाले अजून त्याच्याच नावाने सोडतात माणसांना
आणि कुणी चुकत नाही.

फोन वाजला. दिलावर.
काना गुरुवारी बसतोय म्हणे, ओळखीचा क्लार्क निघाला.
बरं, म्हटलं.
स्क्रीनवर शिपो-पर्यंत आलो होतो.
रेघ लुकलुकत होती.
तशीच ठेवून चहा सांगायला उठलो.