दोन जोड्या

मे महिना, अमळनेर. गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया,
आणि शेजारच्या खाटेवर
औलीच्या नेगीने ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या स्कीच्या दोन जोड्या.
"एक ठेवा, एक परत करा. सीझन संपला, भावात बसवतो."

अरुंद जोडी बघितली की मान आपोआप ताठ होते.
कडेवरून बोट फिरवलं, बोटाला कळलं.
दुसरी रुंद, टोकाला जरा उचललेली,
केळीच्या पानासारखी ऐसपैस.

त्रेसष्ट पूर्ण. सहा हिवाळे शिकतोय,
अजून मधल्याच उतारावर.
जिना चढताना डावा गुडघा माझ्याआधी बोलतो.

"आते पडनात ते कोन उचली तुम्हले?"
ही कुरडया उलटवत विचारते,
उत्तरासाठी थांबत नाही.

झुंबर मिस्तरी चौकट बसवायला आलेला.
त्याने बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर.
एक डोळा मिटून त्याने फळ्या जोखल्या.
"ही बारीक, पटाशीच्या जातीची.
हात हलला की लाकडावर लिहून ठेवते.
ही रुंद म्हणजे रंधा.
थोडं चुकलं तर चालवून घेईल."

चौतीस वर्षं शाळेत लाल पेनने
मी अर्धा अर्धा मार्क कापला.
कुणाचं काही चालवून घेतलं नाही.

अरुंद जोडी गोणपाटात शिवून टाकली.
मग लुंगीवरच बूट चढवले,
रुंद फळ्यांवर खट् करून अडकवले
आणि चव्वेचाळीस डिग्रीत, गुडघे वाकवून,
उभा राहिलो.

हिने कुरडयांचं धोतर
जरा लांब ओढून घेतलं.