कार्ड घातलेलं नाही

गाडी टिमारूच्या एका म्हाताऱ्याची होती.
डेस्मंड पॅस्को. गॅरेजच्या दारात असा उभा
जणू मीच काही विकायला आलेय.
"बायको चालवायची," एवढंच म्हणाला,
आणि बॉनेट उघडून तेलाची पट्टी दाखवली,
लहान मुलाची जीभ दाखवावी डॉक्टरला, तशी.

सत्त्याऐंशी हजार किलोमीटर.
त्यातले पहिले एकतीस जपानातले,
कुठल्या गावचे ते कागदावर नाही.
डाव्या दारावर लांब ओरखडा,
त्यावर जवळजवळ त्याच रंगाचा रंग.
मी टायरला लाथ मारून पाहिली,
कारण लोक मारतात.
घासाघीस केली दोनशे डॉलरची, तीही अडखळत.
त्याने शंभर सोडले, वर एक चपटी उशी दिली:
"सीट खोल पडेल तुला. तिलाही पडायची."

किल्ली फिरवली तर एक बाई बोलली.
नितळ आवाज, कसलीही घाई नाही, जपानीत.
मागे बसलेली तावेरा दचकली,
मग सावरून, पाहुण्यांशी बोलतात तसं म्हणाली,
"किया ओरा."

मग रोजच.
जुलैच्या पहाटे काचेवर दव गोठलेलं,
मी लायब्ररीच्या जुन्या कार्डाने खरवडतेय
आणि आत बाई बोलतेय.
तावेराचं म्हणणं, ती सांगते सावकाश जा.
मी म्हणे, छे, ती विचारते डबा घेतला का.
शाळेला उशीर झाला की तोच आवाज रागावलेला वाटायचा,
आणि रात्रपाळी संपवून मी दवाखान्याबाहेर
स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले असले की
तेच शब्द,
पण पाठीवर हात ठेवल्यासारखे.

मागची सीट दुमडली की आत काहीही मावतं.
बहिणीची गादी मावली,
ती नवऱ्याला सोडून आली त्या रविवारी.
लंगडं कोकरू मावलं, वास आठवडाभर.
सीटच्या शिवणीत तांदळाचे चार दाणे निघाले.
ते आमचे नव्हते. पॅस्कोबाईंचे? का त्याही आधीच्या कुणाचे?
मी झटकले नाहीत. का, ते विचारू नका.

ऑगस्टात बेकरीतल्या साओरीला घरी सोडलं.
किल्ली फिरवली, बाई बोलली,
आणि साओरी तोंडावर हात धरून हसायला लागली.
"ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही."
कसलं कार्ड?
"टोलनाक्याचं."
आमच्या अख्ख्या बेटावर एक टोलनाका नाही.

तावेरा घरापर्यंत गप्प.
दारात म्हणाली, "म्हणजे ती रोज काहीतरी मागत होती
आणि आपण नुसते हॅलो म्हणत होतो."
रात्री तिने ओट्सच्या खोक्याचं कार्ड कापलं,
त्यावर आमची दोघींची नावं,
घराचा नंबर, एक मेंढी.
सकाळी फटीत सरकवलं.
बाईचं म्हणणं तेच.
"तिला वाचता येत नसेल आपलं अक्षर," तावेरा म्हणाली,
आणि कार्ड तिथेच राहू दिलं.

वॉरंटच्या तपासणीला गाडी लिंडसेकडे दिली.
ब्रेकचे पॅड, एक बल्ब, वायपरची रबरं.
बिलाखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं:
बडबडी डबी काढून टाकली. फुकट.
चांगला माणूस. त्याला काय बोलणार?
कार्ड त्याने डॅशबोर्डवर नीट ठेवलं होतं,
त्यावर तेलाचा एक अंगठा.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली.
इंजिन लागलं. हीटरची घरघर. बस्स.
मी मागे पाहिलं नाही,
आरशात मात्र दिसलं की ती ताठ बसली आहे, दप्तर मांडीवर.
मग तिने ते अख्खं वाक्य म्हटलं,
जपानीत, एकही हेल न चुकता,
कसलीही घाई न करता.

"माहितेय गं," मी म्हटलं,
आणि गाडी रिव्हर्सला टाकली.