आडनावाची चौकट

मीठदाणीवर चिठ्ठी: सॉल्ट. शेगडीवर: स्टोव्ह.
ओतिलिया अजून 'एस्टोव्ह'च म्हणते.
तो 'ए' खोडायचं मी सोडून दिलंय.

टल्साच्या लायसन्स ऑफिसात
आडनावाला चौकट एकच.
ती दाटीवाटीनं लिहिते: बाराओना सेपेदा.
खिडकीतल्या बाईला बाराओना मधलं नाव वाटतं,
एका फटक्यात बाप गळतो, आई उरते.
"बोत," ओतिलिया काचेवर बोट ठेवते,
"बोत माय नेम."

परतताना विचारते, तुझ्या आईचं?
मला क्षणभर आठवावं लागतं.
लिंडक्विस्ट.
बँकेनं फोनवर विचारलं
तरच उच्चारतो मी ते,
हलक्या आवाजात, पासवर्डसारखं.

ती मोठ्यानं जुळवून बघते:
वेंडल कोबर्न लिंदकीस.
मागची गाडी हॉर्न देते.
सिग्नल केव्हाचा हिरवा.