इतिवृत्तात नसलेलं

मी बैठकीत बोलत नाही. मी लिहितो.
एकोणीस वर्षं, साल्तोच्या ह्या विद्यापीठात,
सूचक कोण, अनुमोदक कोण,
कोण गैरहजर, कुणाचा निरोप आला.
जांभया लिहीत नाही.

टेबलाला नऊ खुर्च्या, त्यांतल्या तीन विद्यार्थ्यांच्या.
आजोबांच्या पिढीनं भांडून मिळवलेल्या,
आणि बहुतेक वर्षं
त्यांतल्या दोघींवर इतरांचे कोट बसतात.

यंदा तिसरीवर नाहीर एचेबेरी आली.
नर्सिंगचं तिसरं वर्ष, वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन,
नखांखाली आयोडिनचा पिवळेपणा.
पहिल्या दिवशी चुकून अध्यक्षांच्या जागी बसली.
मी सांगितलं, तेव्हा कानापर्यंत लाल झाली.
हे लिहिलेलं नाही.

विषय क्रमांक सात : भोजनगृहाची वेळ.
खिडकी आठला बंद होते,
वॉर्डातून पोरं सुटतात साडेआठला.
"बिस्किटांवर रात्र काढतो आम्ही," ती म्हणाली.
मी लिहिलं : विद्यार्थी प्रतिनिधींनी आहारविषयक अडचण मांडली.
येर्बाचा कडू पेला हातोहात फिरत राहिला.

एप्रिलात विषय पुढे ढकलला.
मेमध्ये गणसंख्या भरली नाही.
जूनमध्ये अंदाजपत्रक आलं, आणि त्याच्यापुढे
कुणाचीही भूक आवाज खाली करते.
घोंगडं किती दिवस भिजत राहू शकतं
ते मला विचारा, माझ्या कपाटात त्याची फाईल आहे.

नाहीर तेवढ्यात मोजत होती.
अकरा रात्री, आठ ते नऊ, त्या बंद खिडकीसमोर
किती जण थांबून मागे फिरले.
दोनशे चौदा.
आकडा ऐकून अध्यक्ष बेरुत्तींनी चष्मा काढला.
पुसला नाही. नुसता काढला.

जुलैत ठराव झाला, पाच विरुद्ध एक, एक तटस्थ :
मंगळवारी आणि गुरुवारी, नऊपर्यंत.
व्हरांड्यात टाळ्या, कुणीतरी पिशवीभर संत्री वाटली.
मलाही दोन मिळाली.

त्याच गुरुवारी कुलूप लावून निघालो
तर थांब्यावर नाहीर, आणि शेजारी स्वयंपाकघरातली तेल्मा.
शेवटची बस आठ चाळीसला गेलेली.
नदीवरून धुकं चढत होतं,
तेल्माचं घर धरणाच्या वाटेला, पायी दीड तास.
"खिडकी उघडी ठेवायची
तर आत कुणीतरी उभं लागतं ना, पोरी,"
तेल्मा म्हणाली. रागानं नाही,
मीठ कमी पडलंय सांगावं तशी.

दोघींना गाडीत घेतलं.
तेल्माच्या मांडीवर उरलेल्या मसुराचा डबा, काचा धुरकटलेल्या.
नाहीर सबंध रस्ताभर
एक संत्रं सोलत होती. खाल्लं नाही.

ऑगस्ट. पुन्हा विषय सात.
"मागचा ठराव माझा होता," ती म्हणाली, "आणि तो चुकला."
असं वाक्य ह्या वहीत पूर्वी कधी आलं नव्हतं.
माझा हात जरा थबकला.
कुणीतरी म्हणालं, स्वयंपाकघरातले कर्मचारी
ह्या समितीच्या कक्षेत येत नाहीत.
"मग त्यांनी रांधलेलं कसं येतं?"

बसचं पत्र नगरपालिकेकडे गेलंय. उत्तर नाही.
तोवर खिडकीशेजारी एक कागद चिकटवलाय,
आज तेल्माला कोण सोडणार त्याचा.
बेरुत्तींचं नाव दोनदा, एकदा खोडून पुन्हा.

सप्टेंबरात ती दाराशी येऊन थांबली,
एप्रन काढून घडी करून काखेत.
नाहीरनं एक कोट उचलला, कुणाचा ते न विचारता,
आणि खुर्ची ओढली.

माझ्याकडे रकाने तीन : उपस्थित, अनुपस्थित, निमंत्रित.
तिला कुणी निमंत्रण दिलेलं नव्हतं.
बराच वेळ पेन हातात धरून बसलो,
मग समासात, बारीक अक्षरात :
तेल्मा सिल्बेइरा. आली.