हजारी

आई विचारते, दिसभर काय लिवालीस?
मी म्हणते, शब्द.
ती सुपातली तंबाखू सारखी करत हसते:
शब्द व्हय? ते तर रस्त्यावर बी पडल्यात.

निपाणीत आमच्या गल्लीला बारा महिने जर्द्याचा वास,
तो वह्यांनाही लागतो.
बेळगावच्या वाचनालयातल्या बाई
पुस्तक परत घेताना हळूच हुंगतात,
बोलत काही नाहीत.

माझा विषय: विडी वळणाऱ्या बायकांची बोली.
फरमा, भिजवण, कट्टा, छाट,
कानडीतून आलेले, राहिलेले, परत गेलेले,
कुठल्याच कोशाने उंबऱ्याच्या आत न घेतलेले.
सरांनी आधी विचारलं, यात संशोधन काय?
मग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन:
'छाट'चे दोन अर्थ दिलेस, तिसरा कुठं राहिलाय का बघ.

पैशाचं असं झालं,
महाराष्ट्राच्या योजनेत मी कर्नाटकातली.
कर्नाटकाचा फॉर्म सगळा भरून नेला
तर खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, नाळे बर्री.
उद्या या. मी सोळा उद्या गेले.
सतराव्या उद्याला हिरेमठ मॅडमनी आत बोलावलं,
पाणी दिलं, आणि योजना मार्चमध्येच बंद झाल्याचं सांगितलं
इतक्या हळू, की त्यांच्याच घरचं कुणी गेलं असावं.

शेवटी शिप्पूरकर बाईंची फेलोशिप.
बाई मुख्याध्यापिका होत्या, एकट्या राहिल्या,
फंड, ग्रॅच्युइटी आणि चार बांगड्या ठेवून गेल्या
सीमाभागातल्या, पुढं शिकू पाहणाऱ्या मुलीसाठी.
मुलीसाठी. एकवचनी. व्याजच तेवढं येतं.
दरमहा आठ हजार, दोन वर्षं, एकीला.

मुलाखतीच्या बाकावर आम्ही एकोणीस.
शेजारी खानापूरकडची सुगंधी मिराशी,
मांडीवर रानकंदांची चित्रं, तिनंच काढलेली,
कडेला पेन्सिलीनं: हा तीनदा उकळावा, नाहीतर घसा धरतो.
तिनं मला डब्यातला फणसाचा गरा दिला.
माझं नाव पुकारलं तेव्हा माझी ओढणीही तिनंच सरळ केली.

पैसे आले. बसची तिकिटं, झेरॉक्स,
एक चष्मा, जो 'संकीर्ण'मध्ये बसवला.
आणि खाली एक रकाना:
माहिती देणाऱ्या व्यक्तीस मानधन,
दिवसाला दोनशे, सही किंवा अंगठा.

तर काल रात्री आईपुढं व्हाउचर ठेवलं.
कशाचं गं?
तू शब्द सांगितलेस त्याचं.
ती कात्री मिटून बराच वेळ बसली.
जन्मभर तिला हजारीच माहीत.
हजार विड्या मोजून द्यायच्या,
त्यातून मुकादम मूठभर छाट काढणार,
वळलेल्या, पण न मोजलेल्या.

हजार शब्दाला दर काय?
हजार नाही झाले, आई. चारशे बारा.
आणि छाट किती काढली तुझ्या सरांनी?
एकही नाही, मी म्हणाले.
खोटं बोलले. दुसरं प्रकरण परत आलंय,
लाल शाईत भिजून.

मग तिनं सही केली. कानडीत.
साक्षरतेच्या वर्गात तेवढंच शिकवलं होतं तिला.
गोल गोल अक्षरं,
प्रत्येकाचं तोंड नखानं दुमडल्यासारखं.
मराठी बोलीच्या खर्चाला कानडी सही,
ऑडिटर विचारतील. विचारू देत.

नोटा कनवटीला खोचता खोचता
तिला आठवलं, मीच कधीतरी सांगितलेलं:
आणि ती कंदाची चित्रं काढणारी पोरगी?
तिला कुणाचं मिळालं?

व्हाउचरवर तारीख घालायची राहिली होती.
मी ती घातली.