तार जोडताना

मंगळवारी, फॅक्टरीतली पाळी संपली की
बोटांना खवल्यांचा वास तसाच घेऊन
आम्ही पाच-सहा जणी आणि म्हातारा हानुस
आर्मगारच्या स्वयंपाकघरात बसतो.
फेरो बेटांतलं हे सगळ्यात दक्षिणेचं टोक.
खिडकीबाहेरचा फ्यॉर्ड अर्धा दिसतो,
अर्धा धुक्यात आहे असं मानून घ्यायचं.

त्या मंगळवारी मी एक वचन घेऊन गेले,
मुठीत दगड घेऊन जावं तसं.
सासऱ्यांनी चर्चच्या पायरीवर भिरकावलेलं:
बायकांनी सभेत गप्प बसावं.
मी एवढंच विचारलं होतं,
ईस्टरचा पाठ मी वाचू का?

"आहे का खरंच तसं लिहिलेलं?"
"आहे," आर्मगार म्हणाली. "नाही म्हणून सुटका नाही."
तिने चष्मा पुसला, कॉफी ओतली,
साखर कुणाला किती ते न विचारता घातली.
"आता वर सरक. पान उलटू नकोस, नुसती वर."

वर सरकले.
तिथे तोच शब्द, गप्प,
आधीच दोनदा येऊन गेलेला.
ज्याची बोली कुणाला कळत नाही
आणि अर्थ सांगणारा जवळ नाही, त्याने गप्प.
दुसऱ्याला काही सुचलं, तर पहिल्याने गप्प.
सासऱ्यांनी हे दोन गप्प
पायरीवर आणलेच नव्हते.

"आणि मागे जा, तीन पानं," हानुस म्हणाला.
"तिथे बायका प्रार्थना करतायत, संदेश सांगतायत,
आणि वाद चाललाय त्यांनी डोक्यावर काय घ्यावं याचा.
गप्प बाईच्या पदराची एवढी काळजी कोण करतं?"
आम्ही हसलो. आर्मगार हसली नाही.

"पत्र आहे हे," ती म्हणाली.
"पलीकडून आलेलं पत्र हरवलं.
आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं."
मग ती हानुसकडे बघत राहिली,
आणि त्याने मान हलवली, सांग म्हणून.

एकतीस वर्षं ती गावाच्या टेलिफोनवर होती.
नियम होता, ऐकायचं नाही.
तार जोडताना कानावर पडेल तेवढंच पडेल.
एका सकाळी पडलं. हानुसचा भाऊ, तुम्मस, म्हणत होता:
"बुडू दे त्याला. मी एक क्रोनाही घालणार नाही."
तिने कानावरचं काढून ठेवलं. नियमाने.
त्या वर्षी हानुस कर्जात होता.
दुपारी दुकानात, साखर घेताना,
तिच्या तोंडून ते एक वाक्य निसटलं.

ध चा मा करायला शाई लागत नाही.
अक्षर न अक्षर खरं होतं.

अकरा वर्षं दोघे भाऊ एका धक्क्यावर
पाठीला पाठ लावून जाळी सुकवत राहिले.
तुम्मसच्या दफनानंतरच्या कॉफीला
होड्या बांधणारा सुतार सहज बोलून गेला,
काय चिवट तो जुना मचवा त्याचा,
मी म्हणालो दुरुस्त करू, तर हा फोनवर म्हणतो,
बुडू दे त्याला.

हानुस कपात चमचा फिरवत होता.
साखर केव्हाच विरघळली होती.

नंतर कुणी फारसं बोललं नाही.
मी वचनाकडे परत आले. ते तिथेच होतं, तेवढंच टोकदार.
कुणी म्हणतात, त्या गावातल्या गोंगाटाबद्दल आहे.
कुणी म्हणतात, तिथल्याच कुणाचं बोलणं
आधी उद्धृत केलंय, मग खोडलंय.
"तुला काय वाटतं?" मी विचारलं.
"मला माहीत नाही," आर्मगार म्हणाली,
आणि समासात पेन्सिलीने लिहिलं:
कुणाला? कशावरून?
आणखीही दोन-तीन जुनी प्रश्नचिन्हं होती तिथे,
एक तर खोडून पुन्हा काढलेलं.

ईस्टरला पाठ मी वाचला.
नेमून दिलेल्या ओळीच्या चार ओळी आधीपासून
सुरुवात केली. कुणाच्या लक्षात आलं नसेल.
सासरे तिसऱ्या बाकावर होते.
संपल्यावर काहीच बोलले नाहीत,
घरी येईपर्यंत, आणि घरी आल्यावरही.

जाऊबाई म्हणाली, रागावलेत.
मी भांडी विसळत राहिले.
त्यांच्या गप्प बसण्याचा आगापीछा
मला अजून ठाऊक नाही.