वाऱ्यांचा चौक, दुग्गा

तेबुर्सूकहून गाडी चढण घेते
तेव्हा ऑलिव्हच्या झाडांमागून एकदम देऊळच उभं राहतं,
आणि मुनीर ब्रेक दाबून म्हणतो, "उतरा,"
पाहुण्याला सोयऱ्याच्या दारात सोडावं तसं.

तिकीट आठ दिनार.
खिडकीतला माणूस सुटे शोध शोध शोधतो
आणि शेवटी माझ्या तळहातावर दोन लिंबं ठेवतो.

चौकात फरशीवर वर्तुळ कोरलंय,
बारा वारे, बाराही नावानिशी.
आज तेरावाच कुठला तरी सुटलाय;
माझी टोपी थेट नाटकगृहाच्या पायऱ्यांवर नेऊन टाकतो,
नाव सांगत नाही.

शाळेची सहल आहे. बाई ओरडतात, "ओळीत बसा!"
पोरं बसतात ओळीत:
दगडी शौचकूपाच्या बारा भोकांवर, नालेसारखी गोल,
मध्ये ना भिंत ना आडपडदा.
"बाई, एवढे सगळे समोरासमोर बसून बोलायचे काय?"
"पाऊसपाणी," बाई म्हणतात. "ऑलिव्हचा भाव."
मग स्वतःच हसू लागतात, आणि ओळ मोडते.

दुपारी सावली फक्त खांबांपुरती.
त्यातल्या एका सावलीत मब्रूका बसली आहे,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत फटीफटींतून खुडलेली रानभाजी.
ती कुंपणाच्या भोकातून आली आहे.
तिकीट तिने आयुष्यात काढलेलं नाही.

"तिथं चूल," ती हनुवटीनं दाखवते,
"तिथं धाकट्याचा पाळणा. आणि ह्या खांबाला गाढव."
फलकावर देवाचं नाव आहे,
बांधायला पैसे देणाऱ्याचं आहे,
खणून काढणाऱ्याचंही आहे.
मी गाढवाचं विचारते.
"वझीर," ती म्हणते. "फार हट्टी. पण वाट चुकायचा नाही."

मग साहेब आले म्हणे, वही घेऊन.
म्हणाले, घरं खाली हलवा, इथं जुनं आहे.
"आणि आम्ही काय,
काल बाजारातून आलो होतो?"

खाली, रस्त्यापलीकडे, सरळ रेषेत आखलेलं गाव दिसतं,
पांढरं, चौकोनी, अँटेना लावलेलं.
ती तिकडे बघत नाही. देठं मोडत राहते.

मी खांबाभोवती एक फेरी मारते.
गुडघ्याच्या उंचीला एक खाच आहे,
दोराएवढी, आतून गुळगुळीत.
बोट घालून पाहते. ऊन आहे आत.
रोमनांची असेल. वझीरची असेल.
तिला विचारायचं मी टाळते.

पाचला शिट्टी वाजते.
तिकिटवाला किल्ल्या खुळखुळवत वर येतो,
लांबूनच हाक मारतो, "आई, चल, फाटक लावतोय!"
(लिंबं कुणाच्या झाडाची, ते तेव्हा कळतं.)

"लाव की," ती म्हणते,
पिशवीला गाठ मारते,
आणि फाटकाच्या उलट्या दिशेनं,
रथांच्या चाकोरीतून,
आपल्या भोकाकडे चालू लागते.